दुपट्ट्याखालचा हात

देवळात जाऊन कोणाचं भलं झालं, असं कोणी सांगू लागलं की मी आधी सांगणाऱ्याचा चेहरा बघतो. याला काय विकायचं आहे, ते शोधतो. ही सवय चांगली की वाईट ते मला ठाऊक नाही, पण तिच्याच जोरावर मी घर बांधलं, मुलीला शिकवलं आणि बापाच्या माघारी कोणापुढे हात पसरला नाही. म्हणून हा अनुभव वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. माझ्याही चेहऱ्याकडे तसंच बघा. मला काही विकायचं नाही, पण तपासून घ्या.

मी बैलबाजारातला दलाल आहे. घर नागपुरात, उमरेड रोडला. कुही आणि उमरेडकडच्या आठवडी बाजारांत शेतकऱ्यांना बैल घेऊन देतो, विकून देतो. आमच्याकडे भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वरून दुपट्टा टाकतात आणि खाली बोटं बोलतात. एक बोट दाबलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. भोवती माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. तोंड खोटं बोलतं, डोळे खोटं बोलतात, पण दुपट्ट्याखालचा हात फार वेळ खोटं बोलू शकत नाही. गरजू माणसाच्या तळहाताला घाम येतो. ज्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे त्याचा हात सैल असतो. मी हे हात वाचत मोठा झालो.

आणि माझाच उजवा हात मेला.

आधी शर्टाची गुंडी लागेना. मग चहाचा कप कधी सुटला ते कळेना. एका बाजारात दुपट्ट्याखाली समोरच्याने काहीतरी दाबलं आणि मला कळलंच नाही की किती बोटं आहेत. मी हात झटकला आणि ओरडलो, की बैल घ्यायला आला आहेस की बकरी? तो माणूस रागावून निघून गेला. माझा राग बाजारात प्रसिद्ध आहे, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. पुढे मी तसंच करत गेलो. हात कळला नाही की भांडण काढायचं आणि सौदा मोडायचा. त्या दिवसांत मी किती चांगल्या माणसांना विनाकारण बोललो असेन, ते तो महादेवच जाणे.

डॉक्टरांनी सांगितलं, मानेत नस दबली आहे, ऑपरेशन करावं लागेल, उशीर केला तर बोटांत उरली आहे ती जाणही जाईल. मी विचारलं, हात पूर्ण बरा होईल याची खात्री देता का? ते म्हणाले, पूर्ण खात्री कोणीच देणार नाही. मी दुसऱ्याकडे गेलो, तिसऱ्याकडे गेलो. सगळे तेच म्हणाले. माझी बायको म्हणाली, तिघं एकच सांगतात तर खरंच असेल. मला उलट वाटलं. तीन व्यापारी एकच भाव सांगू लागले की समजावं, आधी आपसांत बोलून आले आहेत. मानेवर सुरी ठेवू द्यायची, वर शुद्धीत नसायचं आणि खात्री मागायची नाही, असा सौदा मी आयुष्यात केला नव्हता. मी घरी सांगून टाकलं की ऑपरेशन करणार नाही.

बायको म्हणाली, गजूभावजींना सांगून तर बघा. त्यावर मी ताट सारून उठलो.

गजू माझा धाकटा भाऊ. बाप गेला तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. त्याला मी बाजारात नेलं, बैलाचे दात बघायला शिकवलं, माझ्या दुपट्ट्याखाली त्याचा हात घेऊन बोटं शिकवली. आणि एका बाजाराच्या दिवशी मी जाऊन बघतो तर तो समोरच्या कडुलिंबाखाली स्वतःचं घोंगडं टाकून बसलेला. स्वतःचा दुपट्टा, स्वतःचं गिऱ्हाईक. मला आधी एका शब्दाने सांगितलं नाही. चहावाल्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. तेव्हापासून आम्ही दोघं त्याच बाजारात समोरासमोरच्या झाडांखाली बसतो आणि एकमेकांकडे बघत नाही. वेगळं होण्याचं मला दुःख नाही. सांगितलं नाही, हे मला गिळता आलं नाही, आणि मी ते कित्येक वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं.

अशा दिवसांत माझी मुलगी वैशू मला सहलीला घेऊन गेली. ती नागपुरात एका कॉलेजात शिकवते. तिच्या ओळखीची काही मंडळी रविवारी बस करून जुनी देवळं, किल्ले, तलाव बघायला जातात. मी म्हणालो, फुटके दगड बघायला कोण जातं? ती म्हणाली, "बाबा, तुमी घरी बसून आईवर ओरडून राहिले. त्यापरीस दगडावर ओरडा. ते उलटून बोलत नाई." या पोरीने माझीच जीभ घेतली आहे, त्यामुळे तिच्याशी मी फार वाद घालत नाही.

देऊळ कुहीच्या बरंच पुढे, भाताच्या बांधांमधून जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तिथे गाड्या लावायचा ठेका निघेल. बसमध्ये बहुतेक लोक नोकरीवाले किंवा निवृत्त झालेले. पुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच होते. ते कोष्टी घरातले. वडिलांपर्यंत हातमाग चालला, हे स्वतः हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, असं ते शेजाऱ्याला सांगताना माझ्या कानावर आलं. गळ्यात पांढरा दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा. मी मनात नोंद केली, की एकटा आहे, सगळ्यांशी गोड बोलतो, उतरायच्या आधी हा कोणाला तरी विम्याची पॉलिसी विकणार.

देऊळ काळ्या दगडाचं, महादेवाचं. चुना नाही, दगडावर दगड बसवलेले. आमच्या सहलीचा जो प्रमुख होता तो सांगू लागला की हे यादवांच्या काळातलं असावं. कोणी बघितलं? मी मागे राहून सांधे तपासत होतो, कुठे सिमेंट भरलं आहे का ते. लोकांचं बघून मला हसू येत होतं. बसमध्ये जे अंताक्षरी खेळत होते, फरसाणाच्या पुड्या फिरवत होते, ते मंडपात शिरले आणि एकदम गप्प झाले. एक बाई खांबाला टेकून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. तिला कोणी काही बोललं नव्हतं. मी वैशूला हळूच म्हणालो की हे अंधाराचं आणि गारव्याचं काम आहे, उन्हातून आलं की कोणालाही तसं वाटतं. ती म्हणाली, "असंल ना बाबा. पन बाहेरच्या झाडाखाली बी गारवा होता. तिथं काहून नाई रडली ती?" मी तिला म्हणालो, तू पुढे हो.

तिथला गाभारा खाली आहे. काही पायऱ्या उतरून जावं लागतं आणि वाट अरुंद आहे. उतरताना उजव्या बाजूला, हाताच्या उंचीवर, चौकटीच्या दगडात एक खोलगट जागा आहे, तळहात मावेल एवढी. तिच्यापाशी रांग लागली होती. कोणीतरी सांगितलं होतं की इथे हात ठेवून मागितलं की मिळतं. मला वाटलं, आता सापडलं. कोण्या हुशार पुजाऱ्याने छिन्नीने खड्डा केला आणि धंदा लावला.

माझी पाळी आली तेव्हा मी काही मागितलं नाही. मी वाकून त्या खड्ड्याची पाहणी केली.

हे सांगायला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. औताला चाललेल्या बैलाच्या खांद्यावर जू घासून घट्टा पडतो. गिऱ्हाईक तो घट्टा बघून बैल घेतं. काही लबाड लोक नव्या गोऱ्ह्याचा खांदा विटेने घासतात आणि तयार बैल म्हणून विकतात. पण घासलेला घट्टा आणि ओढून पडलेला घट्टा यात फरक असतो. घासलेल्याला कडा असते. ओढून पडलेल्याला कडा नसते, तो कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. मी हयातभर यात फसलेलो नाही. त्या दगडाला कुठेही कडा नव्हती. खड्डा वरून खाली तिरपा उतरत गेला होता, जसा उतरणाऱ्याचा हात सरकत जातो तसा. तो कोणी केलेला नव्हता. अंधारात पाय टाकताना तोल सावरायला लोकांनी तिथे हात ठेवला होता, त्यांच्या पोरांनी ठेवला होता, त्यांच्या पोरांच्या पोरांनी ठेवला होता. नवस, मागणं हे सगळं मागाहून आलं असेल. आधी फक्त पडायची भीती होती.

मला तिथे कसंतरी झालं. भक्ती म्हणणार नाही मी. खरा माल बघितल्यावर व्यापाऱ्याला जसं होतं तसं झालं, की आता बोलायचं काही उरलं नाही. मी माझा उजवा हात त्या जागेत ठेवला. बरोबर बसला. आणि मला काही कळलं नाही. गार आहे की गरम, खरखरीत की गुळगुळीत, काहीच नाही. इतक्या माणसांनी जो दगड झिजवला तो माझ्या हाताला लागतच नव्हता. डॉक्टरांपुढे जे मला पटलं नव्हतं ते तिथे पटलं. माझा हात गेला आहे, आणि मी रोज भांडून तो लपवतो आहे.

त्याच तंद्रीत मी पुढची पायरी उतरलो. नंतर कळलं, गाभाऱ्यातला दिवा तेवढ्यातच गेला होता. पायरीवर पाणी सांडलेलं असावं. माझा पाय निसटला, डावा हात हवेत गेला आणि मी स्वच्छ विचार केला, की आता मान आपटणार. तीच मान.

तेवढ्यात माझा उजवा हात कोणीतरी धरला. वरून कापड होतं, दुपट्ट्यासारखं. कापडाखाली एक पंजा माझ्या पंजात घट्ट बसला आणि मी जिथल्या तिथे थांबलो. आणि मला ते जाणवलं. बोटं, तळवा, अंगठ्याचा दाब, सगळं. डॉक्टर म्हणतील की मोठा दाब असला तर जाणवू शकतं. असेल. मी वाद घालत नाही. मी फक्त जाणवलं ते लिहितो आहे.

सवयीने माझं डोकं लगेच विचारू लागलं, किती? सगळा पंजा म्हणजे पाच. पाच काय? हा मागतो काय आहे? मी हात वाचू लागलो. घाम नव्हता. सैलही नव्हता. अंगठा कुठे सरकत नव्हता. असा हात माझ्या हातात कधी आला नव्हता. तो भाव सांगतच नव्हता. त्या अंधारात, एका पायावर, मी आयुष्यात पहिल्यांदा वाचणं सोडून दिलं आणि नुसता धरून राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. मग खालून वैशूने मोबाईलचा उजेड टाकला.

रांगेत माझ्या मागे असलेले ते कोष्टी म्हातारे माझ्या शेजारी होते. त्यांच्या गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक आमच्या हातांवर पडलं होतं.

दर्शन कसं झालं ते मला आठवत नाही. बाहेर येऊन मी ओट्यावर बसलो तर तेही येऊन शेजारी बसले, चष्मा काढून डोळे पुसले आणि आपल्या बाटलीतलं पाणी मला देऊ लागले. मी मनात म्हणालो, आता निघेल पॉलिसी. उपकार झाले आहेत, आता मला नाही म्हणता येणार नाही, चांगली जागा धरून बसला आहे. मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "भाऊ, तुमी होते म्हनून मी वाचलो. डोळ्याचं ऑपरेशन झालं मले आत्ताच. उजेडातून अंधारात गेलो का काहीच दिसत नाई. दिवा गेला अन् मी पडलोच होतो. तेवढ्यात तुमी धरलं."

मी म्हणालो, "मी नाई धरलं. मीच पडत होतो. तुमी धरलं मले."

ते हसले. "थट्टा काहून करता गा? माह्यात कोनाले धरायची ताकद हाय का? हात हा असा कापते." त्यांनी हात पुढे केला. तो खरोखर कापत होता.

मी माझा हात दाखवला. गुंडी लावता येत नाही, कप धरता येत नाही, हे कोणालाही न सांगितलेलं मी त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. मग आम्ही दोघं ओट्यावर बसून हुज्जत घालत राहिलो. मी म्हणत होतो तुम्ही धरलं, ते म्हणत होते तुम्ही. उभ्या आयुष्यात मी इतका उलटा सौदा केला नव्हता. दोघंही आपलं कमी करत होते आणि समोरच्याचं वाढवत होते. शेवटी ते कंटाळले. म्हणाले, "तुमी बी नाई, मी बी नाई. मंग जाऊ द्या ना. पडलो तर नाई दोघं." आणि उठून जेवायला गेले. त्यांनी मला काही विकलं नाही. परतीच्या वाटेवर मी शेवटपर्यंत लक्ष ठेवलं, नागपूरला उतरताना त्यांनी फक्त मान हलवली आणि गर्दीत गेले.

मी एवढ्याने मानणारा नाही. बसमध्ये वैशूला उलटून पालटून विचारलं की उजेड टाकला तेव्हा तू काय बघितलंस? कोणी कोणाला धरलं होतं? ती म्हणाली, "मले काय मालूम बाबा. दोघंबी एकमेकाले धरून उभे होते. जुने दोस्त असल्यासारखे."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. आणि मला आमचा पहिला बाजार आठवला. बाप गेल्यानंतरचा. मी गजूचा हात धरून त्याला बाजारात नेलं, ही गोष्ट मी बायकोला, वैशूला, बाजारातल्या प्रत्येक माणसाला सांगत आलो आहे. मी धरलं, मी नेलं, मी शिकवलं. माझ्या सगळ्या रागाचा पाया तोच आहे. पण त्या दिवशी मिसरूडही न फुटलेला मी, चारी बाजूंनी शिंगं, मोठमोठे व्यापारी, आणि धुळीत काही दिसत नव्हतं. माझ्या हातात तो छोटासा हात नसता तर मी त्या बाजारातून पळून आलो असतो. कोणी कोणाला धरलं होतं? आजही मी त्याचा निवाडा करू शकत नाही. त्याने सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे. पण त्या संध्याकाळी ते माझ्या तोंडातून गळून पडलं, जसं दाढेत अडकलेलं काहीतरी आपोआप निघतं.

पुढच्या बाजारी मी माझ्या झाडाखाली घोंगडं टाकलंच नाही. सरळ समोरच्या कडुलिंबाखाली गेलो. तो गिऱ्हाईकाशी बोलत होता. मला बघून त्याचा चेहरा कडक झाला. तो माझाच भाऊ, त्याला वाटलं असणार, हा भांडायला आला किंवा गिऱ्हाईक फोडायला आला. भोवतालची माणसं सरकून जवळ आली. तोंडाने बोलायला मला जमलं नसतं. बोललो असतो तर पुन्हा भांडणच झालं असतं. मी गळ्यातला दुपट्टा काढला, समोर बसलो आणि उजवा हात पुढे करून त्यावर दुपट्टा टाकला.

त्याने गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं. मग खालून हात घातला. त्याला वाटलं मी भाव विचारतो आहे. त्याने काहीतरी दाबलं. मी उत्तर दिलं नाही. त्याने पुन्हा दाबलं, जोरात. माझी बोटं तशीच पडून होती. मी त्याच्या डोळ्यांत बघत होतो. आधी राग होता, मग संशय, आणि मग ते दोन्ही गेले. मी शिकवलेला हात होता तो, खोटं आणि खरं त्याला कळणारच. दुपट्ट्याखाली तो माझं एकेक बोट चाचपू लागला, लंगड्या बैलाचा पाय चाचपतात तसं, हळूहळू.

"दादा," तो म्हणाला, "हे कवापासून?"

"लय दिवस झाले."

"अन् सांगतलं काहून नाई?"

ज्या एका प्रश्नावर मी इतकी वर्षं चिडून बसलो होतो, तोच त्याने मला विचारला. मला त्याही स्थितीत हसू आलं. तोही हसला असावा, नीट दिसलं नाही. मी म्हणालो, "मानेचं ऑपरेशन हाय. डॉक्टर खात्री देत नाई. संग कोनी तरी पायजे." त्याने उत्तर तोंडाने दिलं नाही. सगळा पंजा धरला आणि सोडलाच नाही. भोवतालची माणसं शेवटपर्यंत विचारत राहिली की सौदा कितीला झाला.

ऑपरेशन झालं. खात्री कोणीच दिली नाही आणि मीही मागितली नाही. मला आत नेलं तेव्हा चादरीखाली गजूचा हात माझ्या हातात होता, आणि दारापाशी नर्सने तो सोडवला तेव्हा मला भीती वाटली नाही. तीन बोटं परत आली आहेत. अंगठा आणि पहिलं बोट अजून आली नाहीत, येतील की नाही ठाऊक नाही. आता बाजारात आमचं एकच घोंगडं असतं. दुपट्ट्याखाली हात गजूचा असतो, भांडायला मी असतो.

मी बदललो आहे असं कोणी समजू नये. भाजीवालीच्या काट्याकडे मी आजही संशयाने बघतो आणि देवळाबाहेर चपला ठेवताना दोन वेगवेगळ्या जागी ठेवतो. पण हिवाळ्यात आम्ही दोघं भाऊ त्या देवळात जाऊन आलो. मी काही मागितलं नाही. त्या खोलगट दगडात हात ठेवला, आणि शेवटच्या तीन बोटांना दगडाचा गारवा लागला. तो झिजवणाऱ्यांपैकी कोणाचंच नाव मला ठाऊक नाही. ताठ उतरणाऱ्यांनी तो झिजवला नसणार, एवढं नक्की. ज्यांचा पाय घसरत होता, ज्यांना खाली काही दिसत नव्हतं आणि तरी उतरायचं होतं, अशांनीच तो माझ्यासाठी एवढा खोल करून ठेवला. मी त्या सगळ्यांना आणि खाली अंधारात बसलेल्या त्या एकाला नमस्कार केला. मग गजूला म्हणालो, हात दे, पायरी ओली असते. तो म्हणाला, तुमीच द्या.